लुई आर्मस्ट्राँगचे जॅझवादन आणि लोकरंजनाचा आरोप

प्रस्तावना

विसाव्या शतकातील पाश्चात्त्य संगीताचा विचार करताना जॅझ या संगीतप्रकाराला वगळता येत नाही आणि जॅझच्या जडणघडणीचा विचार करताना लुई आर्मस्ट्राँग (१९०१-१९७१) या नावाशी थांबावेच लागते. तथापि, आर्मस्ट्राँगवरील समीक्षा दीर्घकाळ एका विचित्र विभागणीत अडकून पडलेली दिसते. या समीक्षेत दोन आर्मस्ट्राँग आढळतात. पहिला १९२५ ते १९२८ या काळातील, शिकागोच्या ध्वनिमुद्रण-कक्षात जॅझचे रूप पालटून टाकणारा प्रतिभावंत. दुसरा त्यानंतरची चार दशके हातात पांढरा रुमाल घेऊन, डोळे विस्फारून हसत, लोकप्रिय गाणी गाणारा रंगमंचावरील करमणूकदार. गुंथर शुलर याने १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आर्मस्ट्राँगला जॅझमधील पहिला महान एकल वादक असे स्थान दिले. जेम्स लिंकन कॉलिअर याने १९८३ च्या चरित्रात मात्र हा कलावंत स्वतःच्या प्रतिभेला जागला नाही, असा कठोर निर्वाळा दिला. पहिल्या मताविषयी फारसा वाद नाही. दुसरे मत मात्र अनेक वर्षे पुराव्याशिवायच गृहीत धरले गेले.

प्रस्तुत लेखात या विभागणीचा पुनर्विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत 'आधी कला आणि नंतर रंजन' हा क्रमच मुळात चुकीचा आहे. तो प्रथम गायक व रंजनकार होता आणि त्याच्या वादनातील क्रांती त्या गायकीतूनच निपजली, अशी या लेखाची भूमिका आहे.

न्यू ऑर्लिन्समधील जडणघडण

आर्मस्ट्राँग स्वतःची जन्मतारीख ४ जुलै १९०० अशी सांगत असे. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन आणि शतकाचे पहिले वर्ष, असा हा सोयीस्कर योग होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९८० नंतरच्या दशकात, चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदीवरून खरी तारीख ४ ऑगस्ट १९०१ असल्याचे निष्पन्न झाले. वडील विल्यम यांनी कुटुंब लवकरच सोडले. आई मेरी ॲन हिने आणि आजीने त्याला वाढविले. मारामाऱ्यांमुळे 'रणभूमी' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत त्याचे बालपण गेले. कार्नोफ्स्की या लिथुएनियातून आलेल्या ज्यू कुटुंबाच्या भंगार आणि कोळशाच्या गाडीवर तो काम करी. या कुटुंबाने दाखविलेल्या मायेविषयी त्याने आयुष्याच्या अखेरीस विस्ताराने लिहून ठेवले आहे.

१९१२ च्या ३१ डिसेंबरला, नववर्षाच्या जल्लोषात, त्याने पिस्तुलातून हवेत बार काढला. त्याला अटक झाली आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी असलेल्या सुधारगृहात त्याची रवानगी झाली. तेथे पीटर डेव्हिस या शिक्षकाच्या हाताखाली तो कॉर्नेट शिकला व संस्थेच्या बँडचा प्रमुख झाला. बहुतेक चरित्रलेखक या प्रसंगापासून त्याच्या संगीतजीवनाचा आरंभ मानतात. कथा म्हणून तो आकर्षक आहे. परंतु या प्रसंगापूर्वीची एक साधी वस्तुस्थिती त्यामुळे झाकली जाते. अटक होण्यापूर्वीच आर्मस्ट्राँग आपल्या मित्रांसमवेत चार मुलांचे एक गायनपथक चालवीत असे. ही मुले रस्त्यावर गात, नाचत, हातवारे करीत आणि शेवटी टोपी फिरवून नाणी गोळा करीत. म्हणजेच हाती वाद्य येण्यापूर्वी तो गात होता, आणि गात होता तो श्रोत्यांना थांबवून ठेवण्यासाठी. न थांबणाऱ्या श्रोत्याकडून नाणे मिळत नसे. पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

त्यानंतरचा प्रवास परिचित आहे. जो 'किंग' ऑलिव्हर हा त्याचा आदर्श आणि गुरू. १९१८ साली ऑलिव्हर शिकागोला गेल्यावर किड ओरीच्या बँडमध्ये त्याच्या जागी आर्मस्ट्राँग आला. त्याच सुमारास मिसिसिपी नदीवरील प्रवासी बोटींवर फेट मॅरेबलच्या वाद्यवृंदात स्वरलेखन वाचून वाजविण्याची शिस्त त्याच्या अंगी बाणली. ऑगस्ट १९२२ मध्ये ऑलिव्हरच्या बोलावण्यावरून तो शिकागोच्या 'लिंकन गार्डन्स' या नृत्यगृहात दुय्यम कॉर्नेटवादक म्हणून रुजू झाला.

समूहवादनाकडून एकल वादनाकडे

न्यू ऑर्लिन्सच्या परंपरेतील जॅझ हे मूलतः समूहवादन होय. कॉर्नेटने मूळ धून सांभाळायची, क्लॅरिनेटने तिच्याभोवती वरच्या स्वरांतून वेलबुट्टी काढायची, ट्रॉम्बोनने खालून आधार द्यायचा. आणि हे सर्व एकाच वेळी, उत्स्फूर्तपणे. कोणी एक वादक पुढे येऊन दीर्घकाळ वाजवीत नाही. एप्रिल १९२३ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे ऑलिव्हरच्या बँडने जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांत हे रूप उत्तम प्रकारे टिकून आहे. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. सर्व वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत. आर्मस्ट्राँगचा स्वर इतका भारी होता की तोल साधण्यासाठी त्याला इतरांपासून बरेच दूर उभे करावे लागले, अशी आठवण सांगितली जाते. ती अक्षरशः खरी मानली नाही तरी त्या बँडच्या चौकटीत तो मावत नव्हता, हे त्या ध्वनिमुद्रिकांतही ऐकू येते.

त्याच बँडमधील पियानोवादक लिल हार्डिन हिच्याशी त्याने १९२४ साली विवाह केला. दुय्यम स्थान सोडण्याचा आग्रह तिनेच धरला. जॅझच्या इतिहासात तिचा उल्लेख बहुधा 'पत्नी' म्हणून येतो, हा तिच्यावरील अन्याय आहे. ती शिक्षित वादक होती, रचनाकार होती आणि नवऱ्याची योग्यता त्याच्याआधी तिने ओळखली होती. १९२४-२५ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्लेचर हेंडरसन वाद्यवृंदात वर्षभर काढून आर्मस्ट्राँग शिकागोला परतला. त्या एका वर्षात हेंडरसनच्या वादकांची लय सैल आणि डौलदार झाली. सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सच्या आधीच्या व नंतरच्या मुद्रिका शेजारी ठेवून ऐकल्यास हा बदल सहज जाणवतो.

नोव्हेंबर १९२५ पासून ओके कंपनीसाठी 'हॉट फाइव्ह' आणि पुढे 'हॉट सेव्हन' या नावांनी झालेली ध्वनिमुद्रणे हा जॅझच्या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. हे संच मुख्यतः ध्वनिमुद्रणापुरतेच एकत्र येत. मे १९२७ मधील 'पोटॅटो हेड ब्लूज' येथे उदाहरणादाखल घेता येईल. या मुद्रिकेत आर्मस्ट्राँगच्या बत्तीस बारांच्या एकल आवर्तनात साथीदार दर दोन बारांच्या आरंभी एकच आघात देतात आणि गप्प होतात. मधली सर्व जागा मोकळी. ख्याल ऐकणाऱ्याला कल्पना यावी म्हणून असे म्हणता येईल की, तबलजीने फक्त समेवर थाप द्यावी आणि उरलेले आवर्तन गायकाने स्वतःच्या अंतःलयीवर तोलून धरावे, तसा हा प्रकार आहे. आर्मस्ट्राँग येथे आघातांमधली पोकळी भरून काढण्याची घाई करीत नाही. तो लयीच्या किंचित मागे रेंगाळतो, मग पुढे झेपावतो आणि पुढच्या आघातावर अचूक येऊन मिळतो. प्रत्येक वाक्प्रयोग आधीच्या वाक्प्रयोगाला उत्तर देतो. त्यामुळे हे आवर्तन तुटक चमत्कृतींची माळ न राहता आरंभ, विस्तार आणि उत्कर्ष असलेले एक विधान होते.

२८ जून १९२८ रोजी ध्वनिमुद्रित झालेली 'वेस्ट एंड ब्लूज' ही ऑलिव्हरची रचना या प्रवासाचे शिखर मानली जाते. आरंभी आर्मस्ट्राँग कोणत्याही साथीशिवाय सुमारे बारा सेकंद ट्रंपेट वाजवितो. चार ठाम स्वरांनी सुरू होणारी ही ओळ वर चढते, क्षणभर टोकाला थांबते आणि वळणे घेत खाली उतरते. या बारा सेकंदांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच मुद्रिकेच्या मध्यभागी जे घडते त्याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. तेथे आर्मस्ट्राँग ट्रंपेट खाली ठेवतो आणि क्लॅरिनेटच्या प्रत्येक वाक्याला शब्दांवाचून, केवळ स्वराक्षरांनी, हळुवारपणे उत्तर देतो. त्यानंतर अर्ल हाइन्सचा पियानो येतो आणि शेवटच्या आवर्तनात ट्रंपेट परतते ती एकच उंच स्वर चार बार धरून. ही सलगता ध्यानात घेतली की वादक आर्मस्ट्राँग श्रेष्ठ आणि गायक आर्मस्ट्राँग गौण ही प्रतवारी टिकत नाही. कंठातून आलेले वाक्य आणि धातूच्या नळीतून आलेले वाक्य यांचा श्वास एकच आहे.

गायकी आणि शब्दांची निवड

फेब्रुवारी १९२६ मधील 'हीबी जीबीज' या मुद्रिकेविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. गाताना शब्दांचा कागद हातून खाली पडला, म्हणून आर्मस्ट्राँगने निरर्थक अक्षरे गाऊन वेळ निभावून नेली आणि 'स्कॅट' गायनाचा जन्म झाला, असे सांगितले जाते. खुद्द आर्मस्ट्राँगने ही कथा अनेकदा रंगवून सांगितली. अभ्यासकांनी मात्र ती संशयास्पद ठरविली आहे. तशा गायनाच्या मुद्रिका १९२६ पूर्वीही निघालेल्या होत्या. या मुद्रिकेचे महत्त्व शोधात नसून दर्जात आहे. वाद्यावरील लयकारी जशीच्या तशी गळ्यातून निघू शकते, हे तिने सिद्ध केले.

१९२९ नंतर आर्मस्ट्राँग मोठ्या वाद्यवृंदासह लोकप्रिय नाट्यगीते आणि चित्रपटगीते गाऊ लागला. अधःपाताचा सिद्धांत येथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात १९३१ मधील 'स्टारडस्ट' ऐकावी. मूळ चाल चढउतारांनी भरलेली आहे; आर्मस्ट्राँग तिचे टोकदार कोपरे घासून काढतो, एकाच स्वरावर शब्द रेलवतो, काही शब्द गाळतो, काही गुणगुणतो. मूळ चाल श्रोत्याच्या मनात चालू राहते आणि तिच्यावर दुसरी, मोकळी चाल उमटते. पाठांतरित गाण्याला स्वतःच्या लयीत बोलते करण्याची ही रीत बिंग क्रॉस्बी, बिली हॉलिडे आणि पुढे जवळजवळ सर्वच अमेरिकन लोकप्रिय गायकांनी उचलली. वादकांवरील त्याच्या प्रभावाची चर्चा विपुल आहे. गायकांवरील प्रभाव कदाचित त्याहून व्यापक असावा.

या संदर्भात 'ब्लॅक अँड ब्लू' या गीताचा विचार अधिक तपशिलाने करणे आवश्यक आहे. अँडी रझाफची शब्दरचना आणि फॅट्स वॉलर व हॅरी ब्रुक्स यांचे संगीत असलेले हे गीत १९२९ च्या 'हॉट चॉकलेट्स' या संगीतिकेसाठी लिहिले गेले. रंगमंचावर ते एडिथ विल्सन हिने गायिले. तेथे त्याचा आशय मर्यादित होता. पुरुष उजळ वर्णाच्या स्त्रियांना पसंत करतात, अशी काळ्या वर्णाच्या एका स्त्रीची ती तक्रार होती. त्याच वर्षी जुलैमध्ये आर्मस्ट्राँगने हे गीत ध्वनिमुद्रित केले तेव्हा हा संदर्भ देणारा आरंभीचा भाग त्याने गाळला. उरले ते वर्णामुळे वाट्याला येणाऱ्या दुःखाविषयीचे गाणे. एका वगळण्याने प्रेमातील असूयेचे गीत समूहाच्या वेदनेचे गीत झाले. राल्फ एलिसनच्या १९५२ मधील 'इनव्हिजिबल मॅन' या कादंबरीचा निनावी नायक आपल्या तळघरात हीच मुद्रिका ऐकत बसतो. हे गीत तोवर कोणत्या अर्थाने ऐकले जाऊ लागले होते, याची ही साक्ष आहे. ज्याला केवळ विदूषक म्हटले गेले त्याची ही निवड आहे, हे विसरता येत नाही.

हास्य आणि आरोप

आरोप निराधार होता असे मात्र म्हणता येणार नाही. १९३२ मधील 'अ रॅप्सडी इन ब्लॅक अँड ब्लू' या लघुपटात आर्मस्ट्राँग बिबट्याचे कातडे पांघरून, साबणाच्या फेसात उभा राहून गातो. वादन अप्रतिम आणि दृश्य अपमानास्पद, अशा कात्रीत प्रेक्षक सापडतो. १९३५ पासून जो ग्लेझर या व्यवस्थापकाच्या हाती व्यवहार सोपवून त्याने स्वतःला आर्थिक विवंचनेतून सोडविले. पण त्यामुळे सुमार दर्जाचे चित्रपट आणि ठरावीक गाणीही स्वीकारली. १९४७ मध्ये स्थापन केलेल्या 'ऑल स्टार्स' या संचाच्या कार्यक्रमांत तेच विनोद वर्षानुवर्षे त्याच जागी येत राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बीबॉप पिढीला हे सारे असह्य झाले. डिझी गिलेस्पीने त्याच्यावर मळ्यावरील गुलामी वृत्तीचा ठपका ठेवला. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ मधील कादंबरीतील आज्ञाधारक गुलामावरून 'अंकल टॉम' ही शिवी रूढ झाली होती, तीही त्याला चिकटली. गिलेस्पीने पुढे १९७९ मधील आत्मकथनात हे मत मागे घेतले. वंशद्वेषाला स्वतःच्या जगण्यातला आनंद हिरावून घेऊ न देणे, असा त्या हास्याचा अर्थ आपल्याला उशिरा उमगला, असे त्याचे म्हणणे आहे. माइल्स डेव्हिसला ते हास्य अखेरपर्यंत खटकले. मात्र आर्मस्ट्राँगने आधीच वाजविले नाही असे ट्रंपेटवर काहीही वाजविता येत नाही, हेही त्यानेच सांगून ठेवले.

या वादात १९५७ चा सप्टेंबर महिना निर्णायक ठरतो. आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यापासून रोखण्यात आले होते. उत्तर डकोटातील ग्रँड फोर्क्स येथे कार्यक्रमासाठी आलेल्या आर्मस्ट्राँगने एका तरुण वार्ताहरापुढे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना दुतोंडी आणि धैर्यहीन ठरविले आणि परराष्ट्र खात्याच्या वतीने नियोजित असलेला सोव्हिएत संघाचा दौरा नाकारला. वृत्तसंस्थेला खात्री पटेना म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला मजकूर दाखविण्यात आला. त्याने त्याखाली संमती लिहून सही केली. त्याच्या व्यवस्थापकांकडून सारवासारव झाली, कार्यक्रम रद्द झाले, काही कृष्णवर्णीय कलावंतांनीही त्याच्यावर टीका केली. त्याने शब्द मागे घेतले नाहीत. काही दिवसांनी केंद्रीय सैन्य लिटल रॉकला पोहोचले तेव्हा त्याने राष्ट्राध्यक्षांना अभिनंदनाची तार केली.

याहून कमी गाजलेली एक गोष्ट अधिक बोलकी आहे. १९५६ साली लुइझियाना राज्याने गौरवर्णीय व कृष्णवर्णीयांच्या एकत्र कार्यक्रमांवर कायद्याने बंदी घातली. आर्मस्ट्राँगच्या संचात दोन्ही वर्णांचे वादक होते. ज्या न्यू ऑर्लिन्सविषयी तो आयुष्यभर बोलत आणि लिहीत राहिला त्या शहरात त्याने १९६५ पर्यंत कार्यक्रम केला नाही. मोर्च्यांत मात्र तो सामील झाला नाही. तोंडावर मार बसला तर वाजविता येणार नाही, असे त्याचे कारण होते. ते कोणाला पटो वा न पटो, ट्रंपेटवादकाच्या ओठांविषयी ते अक्षरशः खरे होते. १९३० नंतरच्या दशकातच अतिरेकी उंच स्वरांच्या वादनाने त्याचे ओठ फाटले होते आणि ते व्रण त्याने कायमचे वागविले.

मार्च १९६५ मध्ये, सेल्मा येथील मोर्चेकऱ्यांवर झालेल्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच, पूर्व बर्लिनच्या कार्यक्रमात त्याने पुन्हा 'ब्लॅक अँड ब्लू' घेतले. या चित्रफितीत लय संथ आहे आणि चेहऱ्यावर नेहमीचे हास्य नाही. मूळ गीतातील एका ओळीत गाणारा आपण अंतर्यामी गोरे असल्याचे सांगतो. आर्मस्ट्राँग तेथे गोरेपणाचा शब्द बदलून आपण अंतर्यामी योग्य आहोत, असे गातो. छत्तीस वर्षांपूर्वी आरंभ गाळून जे साधले ते येथे एक शब्द बदलून पूर्णत्वास नेले आहे.

मुंबईपर्यंत पोहोचलेले पडसाद

आर्मस्ट्राँगचा प्रभाव ध्वनिमुद्रिकांच्या वाटेने हिंदुस्थानातही आला. बार्देशातील हळदोणे गावचा अँटोनियो झेवियर वाझ हा गोमंतकीय ट्रंपेटवादक मुंबईत 'चिक चॉकलेट' या नावाने ताजमहाल हॉटेलमध्ये वाजवीत असे आणि हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाई. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र यांच्याशी त्याचे सहकार्य झाले. भगवानदादांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटातील ट्रंपेटची झगमग आणि 'आशा' (१९५७) मधील निरर्थक अक्षरांच्या गाजलेल्या गाण्याची कल्पना यांच्या मागे जॅझचा हा ओघ आहे. मात्र येथे जे आले ते मुख्यतः नादवैशिष्ट्य होते. साडेतीन मिनिटांच्या, आधीच बांधलेल्या चित्रपटगीतात उत्स्फूर्त एकल वादनाला जागा नव्हती. ट्रंपेटचा तेजस्वी स्वर, स्वराक्षरांची गंमत आणि नाचरी लय घेतली गेली. आघातांच्या मधल्या पोकळीशी खेळणारी लयकारी नृत्यगृहापुरतीच राहिली. हे विशेष, कारण उपज आणि समेशी लपंडाव या गोष्टी येथील श्रोत्याला नव्या नव्हत्या.

उत्तरकालीन गायन

मे १९६४ मध्ये 'हॅलो, डॉली!' या गीताने बीटल्सना मागे टाकून अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिले स्थान मिळविले, तेव्हा आर्मस्ट्राँग बासष्ट वर्षांचा होता. १९६७ मधील 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' अमेरिकेत त्या वेळी फारसे खपले नाही. ब्रिटनमध्ये १९६८ साली ते अग्रस्थानी गेले आणि १९८७ मध्ये व्हिएतनाम युद्धावरील एका चित्रपटात वापरले गेल्यावर जगभर पोहोचले. आज अनेकांना आर्मस्ट्राँग माहीत आहे तो या एकाच गाण्याने. अधःपाताच्या सिद्धांताला हे गाणे आयता पुरावा वाटते. रिकी रिकार्डी याने २०११ पासून उत्तरायुष्यावर केलेले लेखन आणि न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील घरात सापडलेल्या शेकडो ध्वनिफितींचा संग्रह यांमुळे हा पुरावा आता निराळ्या प्रकाशात पाहावा लागतो. या फितींत तो जुन्या मुद्रिका ऐकतो, सराव करतो, वर्णद्वेषाविषयी कडवटपणे बोलतो. रंगमंचावरील हसरा माणूस खोटा होता असे त्यांतून दिसत नाही. तो एकटाच नव्हता इतकेच दिसते.

१९७० साली हे गीत पुन्हा ध्वनिमुद्रित करताना आर्मस्ट्राँगने त्याच्या आरंभी काही वाक्ये बोलली आहेत. युद्धे, भूक आणि प्रदूषण यांनी भरलेल्या जगाला तुम्ही सुंदर कसे म्हणता, असे तरुण आपल्याला विचारतात, असे तो सांगतो, आणि दोष जगाचा नसून आपण त्याचे जे करीत आहोत त्याचा आहे, असे उत्तर देतो. मग गाणे सुरू होते. या मुद्रिकेत ट्रंपेट नाही. प्रकृतीमुळे डॉक्टरांनी वादनाला मनाई केली होती. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर टोपी फिरविणाऱ्या मुलाजवळ जे साधन होते तेवढेच, म्हणजे केवळ आवाज, या वेळी त्याच्याजवळ होते.